शोकाला आकार

गेल्या वर्षीं माझी सहधर्मचारिणी निवर्तली, तेव्हां घरच्या मंडळींनीं मला गीतापाठाचा आग्रह केला. पाठ मुखानें चाले. मन मात्र रित्या माजघरांत घोटाळे. पुढें एके दुपारीं नातीच्या रंगपेटींतील कुंचला सहज हातीं घेतला आणि परसांतील तुळशीवृंदावन काढूं लागलों. चित्र ओबडधोबड उठलें. पण त्या तासाभरांत छातीवरचें दडपण कांहींसें सैल झालें.

या उपायाला शास्त्राचें नांवही आहे. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ सालीं क्षयरोगामुळें मिडहर्स्ट येथील आरोग्यधामांत पडून होता. चित्रें काढल्यानें आपलें मन सांवरतें, असें त्यास आढळलें. मग त्यानें इतर रुग्णांसही तो नाद लावला. १९४२ सालीं त्यानेंच या पद्धतीस ‘आर्ट थेरपी’, म्हणजे कलोपचार, हें नांव दिलें.

नांव नवें, अनुभव मात्र जुना. मेघदूतांतील यक्ष शिळेवर गेरूनें प्रियेचें चित्र रेखाटतो, आणि स्वतःस तिच्या चरणांशीं काढूं जातो तों आसवांनीं त्याची दृष्टि झांकोळते. चित्रानें विरह मिटत नाहीं; परंतु आंत कोंडलेलें दुःख आकार घेऊन बाहेर येतें, आणि समोर ठेवलेल्या दुःखाकडे पाहतां तरी येतें.

यास्तव वाचकांस विनंति एवढीच, कीं घरांत कोणी शोकानें मूक झालें असल्यास औषधोपचार चालू ठेवूनच त्याच्यापुढें कागद व रंग ठेवावे. चित्राची परीक्षा मात्र कोणी करूं नये. गुण देण्याची खोड तेथें आम्हां मास्तरांसही आवरावी लागते.