अडकलेला खण

बटण दाबलं की आमच्या मोटरहोमची डावी भिंत सोफा, जेवणाचं टेबल आणि फ्रिज पोटात घेऊन अडीच फूट बाहेर सरकते. रस्त्यावर गाडीला साडेआठ फूट रुंदीची मर्यादा, म्हणून निघताना ती आत घ्यायची आणि मुक्कामाला पोचलं की बाहेर काढायची. इथे सगळे तिला स्लाइड म्हणतात. सांगलीहून आलेल्या माझ्या ताईने पहिल्याच संध्याकाळी तिचं बारसं करून टाकलं. "खण उघड रे, पाय पसरायचेत."

जानेवारी होता. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात आम्ही चार रात्री काढल्या. एरवी हे चिमुकलं गाव. हिवाळ्यात मात्र उत्तरेकडचे बर्फाला कंटाळलेले म्हातारे आपापली घरं चाकांवर घेऊन येतात आणि नजर पोचेल तिथपर्यंत पांढऱ्या गाड्याच गाड्या दिसतात. सरकारी जमिनीवर 14 दिवस राहायचा परवाना तेव्हा 40 डॉलरचा होता. त्यात गाडीपाशी वीज नाही, नळ नाही. जे काय लागेल ते आपलं आपण आणायचं. ताईला गावातली हाय जॉलीची समाधीही दाखवली. अमेरिकी लष्कराने 1850 च्या दशकात उंट पाळून पाहिले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेला हा हाजी अली. पिरॅमिडसारखी दगडी समाधी आणि टोकावर तांब्याचा उंट. "बिचारा कुठून कुठे येऊन पडला," एवढं म्हणून ताईने हात जोडले. मी स्वतः या देशात पस्तीस वर्षं आहे, त्यामुळे ते वाक्य मी मुकाट्याने ऐकून घेतलं.

पाचव्या दिवशी सकाळी निघायचं होतं. दुसऱ्या दिवशी फीनिक्सहून ताईचं विमान. सात वाजता मी बटण दाबलं. खण कुरकुरत निघाला, निम्म्यावर त्याचा आवाज खाली बसला, आणि मागचं टोक आत येऊन पुढचं बाहेरच राहिलं. मी बोट काढलं, पुन्हा दाबलं. मागचं टोक आणखी आत आलं, पुढचं जागचं हललं नाही.

"अहो, थांबा," बायको म्हणाली.

मी तिसऱ्यांदा दाबलं. आयुष्यभर इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून पगार घेतलेल्या माणसाने हे करावं, याला काय म्हणावं! कोनात फसलेली वस्तू जोर लावला की आणखी फसते, हे कळायला पदवी लागत नाही. ताईला ते लगेच कळलं. "काकांच्या टेबलाचा खण पावसाळ्यात असाच फुगायचा. एका अंगाने ओढलास की गेलाच. आधी पुरता बाहेर काढायचा, साबण घासायचा, मग दोन्हीकडून सारखा रेट द्यायचा."

"ताई, हे लाकूड नाही. यात दोन मोटरी आहेत, कंट्रोलर आहे."

आहेतच. खणाच्या दोन्ही बाजूंना वर आणि खाली ॲल्युमिनियमच्या दातेरी पट्ट्या असतात. प्रत्येक बाजूच्या भिंतीत एक छोटी 12 व्होल्टची मोटर. ती गिअर फिरवते आणि गिअर त्या दात्यांवरून चालत जातो. दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा मध्ये नाही. एक मोटर किती फिरली, दुसरी किती, हे कंट्रोलर मोजत राहतो आणि दोघींना बरोबरीने चालवतो. बॅटरी भरलेली असेल तोवर ही जोडी गुण्यागोविंदाने नांदते. व्होल्टेज पडलं की जी मोटर मुळातच जरा अशक्त असते ती मागे पडते, आणि सातआठशे किलोचा संसार तिरका होतो.

मल्टिमीटर लावायची बुद्धी मला अर्ध्या तासाने झाली. 11.6 व्होल्ट. भरलेली बॅटरी 12.7 दाखवते. वाळवंटात रात्री गारठा असतो म्हणून आम्ही हीटर लावून झोपलो होतो. गॅस प्रोपेनचा, पण गरम हवा फेकणारा पंखा बॅटरीवर चालतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, म्हणून जनरेटर बंद. छतावर सोलर पॅनल बसवायचं दोन वर्षं नुसतं बोलणं चाललं होतं.

आता घरातली परिस्थिती अशी: फ्रिज चार इंच उघडत होता, संडासाकडे जायची वाट बंद, आणि गाडीची माहितीपुस्तिका सोफ्याखालच्या कप्प्यात, जो खण पूर्ण उघडल्याशिवाय उघडत नाही. फोनवर शोधावी म्हटलं तर गर्दीमुळे नेटवर्क मुंगीच्या पावलांनी चाललेलं. ताईने बारीक हात आत घालून दुधाची बाटली तेवढी काढली आणि तांब्या, पंचा आणि साबणाची डबी घेऊन तोंड धुवायला बाहेर गेली.

शेजारच्या गाडीतले मिनेसोटाचे आजोबा तोवर हातात टेप घेऊन आलेच. शेतीची यंत्रं दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी काही न विचारता दोन्ही टोकं मोजली: सात इंचांचा फरक. "बटणाला हात लावू नकोस," एवढंच म्हणाले. जनरेटर सुरू करायलाही बॅटरीत दम नव्हता. मग गाडीचं इंजिन चालू करून, डॅशबोर्डवरचं दोन्ही बॅटऱ्या जोडणारं बटण दाबून धरलं, तेव्हा कुठे तो खोकत सुरू झाला. दोन तास चार्जिंग. त्या वेळात मी आजोबांच्या मंडपाखाली बसून पाणचट कॉफी प्यायलो आणि त्यांच्या फोनवर एकदाची पुस्तिका उतरवली.

कंट्रोलरवर एक बारीक बटण असतं. ते सहा वेळा दाबायचं, सातव्यांदा दाबून धरायचं, दिवे लुकलुकले की तो मोजमाप विसरतो आणि मोटरी नुसत्या चालवतो. मी दोनदा मोजायला चुकलो. तिसऱ्यांदा बायकोने मोठ्याने मोजलं. मग आधी खण पुरता बाहेर, दोन्ही टोकं टेकेपर्यंत. ताईने माझ्याकडे पाहिलं, बोलली काही नाही. मग आत. आजोबा, त्यांचा भाचा आणि आणखी एक वाटसरू पुढच्या टोकाला बाहेरून खांदा लावून उभे, बटणावर मी, बायको खिडकीतून "पुढचं मागे पडतंय, रेटा!" असं इंग्रजीत आणि मध्येच मराठीत ओरडतेय. पुढची मोटर दोनदा रडली. पण भिंत इंच इंच सरकत शेवटी रबरावर बसली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाटेत खण आपोआप बाहेर सरकू नये म्हणून आजोबांनी एक लाकडी दांडका मापाने कापून आतून आडवा ठोकून दिला. पैसे घेतले नाहीत. बायकोने दिलेले बेसनाचे लाडू घेतले.

फीनिक्सपर्यंत सव्वाशे मैल, ताई त्या दांडक्यावर पंचा वाळत घालून बसली होती.

तिला विमानात बसवलं आणि गाडी दुरुस्तीला टाकली. पुढची मोटर बदलावी लागली. आतले दाते झिजले होते. मेकॅनिकने काम संपल्यावर मला बाहेर बोलावलं. पुढच्या बाजूच्या खालच्या पट्टीवर बोट फिरवून त्याने विचारलं, हे पांढरं काय लावलंय? इथे कोरडा स्प्रे मारतात, असलं काही लावलं तर धूळ धरते. त्याने बोट नाकाशी नेलं. मीही वास घेतला. चंदन.

रात्री सांगलीला फोन लावला. ताईने प्रवास, गुडघे, विमानातलं जेवण सगळं सांगून झाल्यावर मी विषय काढला.

"मग? तू कॉफी ढोसत बसलास," ती म्हणाली, "म्हटलं आपणच घासावा. मोती होता, दिवाळीतला उरलेला."

मी तिला 11.6 आणि 12.7 चा फरक समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आत गेला ना?"