वडिलार्जित बंदूक

आमचें घर मुरुडचें. जंजिऱ्याजवळचें मुरुड तें निराळें. हें दापोली तालुक्यांतलें, महर्षि कर्वे यांचें बालपण जेथें गेलें तें. घरामागें नारळ-सुपारीची वाडी, वाडीवर माकडांची धाड, आणि माजघरांत खुंटीला आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक. खंडेनवमीस कोयत्या-विळ्यांच्या शेजारीं तीही पाटावर बसे. त्या दिवशीं ‘शस्त्र’ व ‘शास्त्र’ यांचे धातू निराळे, एक ‘शस्’ म्हणजे इजा करणें व दुसरा ‘शास्’ म्हणजे शिकविणें, हें घरांतल्या मुलांस सांगण्याची संधि आम्हीं कधीं दवडली नाहीं.

तीर्थरूप निवर्तल्यावर बंदूक ठाण्यांत जमा करून आम्हीं १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें अर्ज केला व यथावकाश परवाना आमच्या नांवें झाला. बंदूक घरीं आली तेव्हां पुतण्या म्हणाला, “काका, माकडांना नुसता बार ऐकवायचा. त्याला दुरुस्ती कशाला हवी?” १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा झाल्यापासून आमच्या घरीं छर्रे बंदच आहेत, तेव्हां त्याचें बोलणें वावगें नव्हतें. परंतु एक गोष्ट त्यास ठाऊक नव्हती.

आम्ही आठ वर्षांचे असतां वडील पडवींत बंदूक भरून उभे होते. घोडा अर्ध्यावर चढविलेला होता. त्या स्थितींत चाप ओढला तरी घोडा पडूं नये, अशी योजना असते. तो आपोआप पडला! छर्रे कौलें फोडून गेले. दोन हातांवर झोपाळ्यावर आम्ही बसलों होतों. वडील एक शब्द बोलले नाहींत. परंतु त्या दिवसापासून अंगणांत उतरल्यावांचून त्यांनीं केप बसविली नाहीं. सुटा भाग मिळेना, म्हणून तो दोष त्यांनीं पन्नास वर्षें सावधपणानें सांभाळला.

परवान्यावांचून बंदुकीची दुरुस्ती करणें हाही गुन्हाच. म्हणून गांवच्या लोहाराकडे न जातां आम्हीं कोल्हापुरास एक परवानाधारक कारागीर गांठला. त्यानें कळ उघडून दाखविली. घोड्याच्या आंसावर दोन खाचांचा एक लहानसा तुकडा असतो. पहिली खाच खोल, ती घोडा अर्ध्यावर अडकवून धरते. दुसरी उथळ, ती बाराच्या वेळची. पहिलीची कड झिजून गेली होती.

“दुसऱ्या जुन्या बंदुकीचा तुकडा बसणार नाहीं काय?” आम्हीं विचारलें. तो हंसला. स्कॉटलंडांतील फॉर्साइथ नांवाच्या पाद्र्यानें १८०७ सालीं आघातानें पेटणाऱ्या दारूचें पेटंट घेतलें. आमची केपाची बंदूक त्याच वंशांतली. त्या काळीं प्रत्येक भाग कानशीनें घांसून त्या त्या बंदुकीपुरता जुळवीत. स्क्रूचे आटेदेखील कारखान्यागणिक निराळे. सर्वांस एकच माप असावें, असें व्हिटवर्थ यानें १८४१ सालीं सुचविलें. म्हणजे आमच्या तुकड्यास जगांत जोडीदारच नाहीं.

तेव्हां त्यानें पोलादाचा नवा तुकडा घडविला, लाल तापवून तेलांत बुडविला, आणि पुन्हां मंद आंचेवर धरला. नुसता कठीण राहिला तर तडकतो, मऊ राहिला तर झिजतो. चाळीस वर्षें मुलें शिकवून आम्हांस हेंच समजलें होतें.

तीन महिन्यांनीं त्यानें नळी रिकामी असल्याची खात्री करून घोडा अर्ध्यावर चढविला व चाप ओढला. घोडा हलला नाहीं. मग आम्हीं ओढला. तरीही हलला नाहीं. आमचा हात मात्र थरथरत होता.

यंदाच्या खंडेनवमीस पूजा पुतण्यानें केली. त्यास जवळ बसवून आम्हीं झोपाळ्याची हकीकत प्रथमच सांगितली. तो बराच वेळ वर कौलांकडे पाहत होता, नंतर म्हणाला, “काका, केप मीही अंगणांतच बसवीन.”

वडिलार्जित वस्तूबरोबर तिचा दोषही वारशानें येतो. वस्तु पुढें द्यावी. दोष होईल तितका आपल्याच हयातींत निस्तरावा, आणि राहिला तर निदान लपवूं नये, एवढेंच घरोघरच्या कर्त्या मंडळींस सांगावेंसें वाटतें.