सव्वा मीटरचा हिशोब

आमच्या शेंदूरजनाघाटात कपडे संत्र्याच्या बहाराच्या हिशोबानं येतात. आंबिया बहार दिवाळीच्या मागंपुढं निघाला आणि भाव बरा लागला, तर घरात सगळ्यांना नवं. मृगाचं फळ फेब्रुवारी-मार्चात गेलं, तर राहिलेल्यांना. ज्या साली फळगळ होते त्या साली एकच उत्तर मिळतं, पुढच्या बहाराला पाहू. गेल्या साली माझे ड्रेस त्या पुढच्या बहारात जाऊन पडले. तसाही रेडिमेड टॉप मला कधी धड बसत नाही; खांद्याला बसला तर कमरेला ढगळ, कमरेला बसला तर मुंढ्यात काचतो. म्हणून सासूबाईंची पायमशीन मागच्या खोलीतून पुढं ओढली. तोवर मला साडीला फॉल लावता येत होता आणि बटण टाकता येत होतं. शिवणातली माझी पुंजी तेवढीच.

पुण्याच्या नणंदेला हे कळलं. तिनं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून बुर्डा मासिकाचा एक अंक मिळवून पाठवला. ‘वहिनी, यात तयार पॅटर्न असतात. नुसतं उतरवून कापायचं,’ असा सोबत निरोप. त्यातला ‘नुसतं’ मला अजून पचलेला नाही.

बुर्डा जर्मन मासिक. एने बुर्डा नावाच्या बाईंनी ते १९५० साली काढलं आणि १९५२ पासून त्यात कपड्यांचे कागदी नमुने द्यायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १८६३ साली, अमेरिकेत बटरिक नावाच्या शिंप्यानं वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले होते. म्हणजे कल्पना जुनी आणि सरळ आहे. दुकानातला ड्रेस परवडत नाही, तर त्याचा कागद घ्या आणि घरी शिवा. माझ्यासारखीसाठीच केलेली म्हणायची. मी अंकाच्या पोटातला मोठा कागद उलगडून पलंगावर पसरला आणि तशीच बसून राहिले.

त्या एकाच कागदावर कितीतरी कपड्यांच्या रेषा एकमेकींवर काढलेल्या. अखंड, तुटक, ठिपक्यांच्या, ठिपका-रेघ-ठिपका अशा, त्यातही लाल वेगळ्या, निळ्या वेगळ्या. आपल्या टॉपची रेषा शोधायची, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचा माग काढायचा आणि बटर पेपरवर उतरवायची. अर्ध्या वाटेत माझी पाठ एका स्कर्टच्या खिशात शिरत होती. बरं, माप कोणतं घ्यायचं? आमच्याकडे ३८ म्हणजे ३८ इंच छाती. यांचं ३८ म्हणजे ८८ सेंटिमीटर, साडेचौतीस इंचांच्या आसपास. माझी छाती ३४, म्हणजे मी त्यांच्या ३६ आणि ३८ च्या मधे कुठंतरी लोंबकळत होते. त्यात त्यांची बाई १६८ सेंटिमीटर उंच धरलेली, साडेपाच फूट. मी पाच फूट एक इंच. तिची कंबर जिथं येते तिथं माझं पोट संपतं. शिवाय शिलाईची जागा कागदात धरलेलीच नाही, ती आपण चोहीकडून वाढवायची. हे सगळं बारीक टाइपात लिहिलेलं होतं, पण बारीक टाइप आधी वाचायची सवय कोणाला असते?

माझी फजिती बघून सासूबाईंनी ट्रंकेतून झारापकरांचं कटिंगचं पुस्तक काढून दिलं. लग्नाआधी त्यांनी शिवणक्लास केला होता. क्लासला गेलेल्या बाईला झारापकर हे नाव माहीत नाही असं महाराष्ट्रात सहसा होत नाही. या पुस्तकात कागद मिळत नाही, कागद काढायचं गणित मिळतं. आकृतीतल्या ठिकाणांना आकडे, आणि या आकड्यापासून त्या आकड्यापर्यंत किती, ते बहुतेक छातीच्या हिशोबात. छातीचा चौथा भाग अधिक ढिलाई म्हणजे अंगाची रुंदी. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग. मला वाटलं, सुटले. भागाकार तर येतो!

पण मुंढ्यापाशी परत अडले. मुंढ्याची खोली काढायची एक रीत आहे, छातीचा चौथा भाग उणे एक इंच. माझ्या मापाला ती साडेसात येते. दुसरी रीत, छातीचा सहावा भाग अधिक दीड इंच. ती सव्वासातच्या आत राहते. पाव-अर्ध्या इंचानं काय होतंय, असं मला वाटायचं. मुंढा पुढून नि मागून, दोन्ही हातांना कापायचा असतो, हे लक्षात घेतलं की पाव इंच फार मोठा होतो. आणि सगळं छातीवरून काढायचं म्हटलं, तर जिची छाती भरली तिचा खांदाही रुंद झाला पाहिजे. पण मूल झाल्यावर बाईचे खांदे काही वाढत नाहीत.

आमच्या गल्लीतल्या मावशी ब्लाऊज शिवतात. झारापकर घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पुस्तक हातातही घेतलं नाही. ‘मापाचा आन व माय,’ म्हणाल्या. ‘कागद काहाले पाह्यजे?’ मापाचा म्हणजे आपल्याला नीट बसणारा एक जुना कपडा. तो त्या पाटावर सपाट पसरतात, शिवणी बोटांनी ताणून बघतात आणि बाजूनं खडू फिरवतात. मी म्हटलं, मला नीट बसणारा टॉपच नाही, म्हणून तर शिवायला बसले. तेव्हा टेप काढून त्यांनी माझा खांदा हाडापासून हाडापर्यंत मोजला आणि म्हणाल्या, ‘पुस्तकातला खांदा खोड. हा लिही.’ बाकी पुस्तकातलं राहू दिलं. ही तडजोड मला पुढंही उपयोगी पडली. लांबी-रुंदी गणितानं, खांदा आणि कंबर टेपनं.

मावशींकडून मिळालेली खरी चीज कापडाची. मी आधी कागद करून मग कापड किती लागेल ते बघणार होते. त्यांनी आधी विचारलं, पन्हा किती? म्हणजे कापडाची रुंदी.

जुनी सगळी शिवण कापडापासून सुरू होते, हे तेव्हा डोक्यात आलं. खणाची चोळी घ्या. एक खण, एक चोळी. कापडाचा पन्हा ठरलेला, तुकडे त्याच्या हिशोबानं सरळ कापायचे, फेकायला जवळपास काही उरत नाही. जुन्या कुडत्यातही अंग आणि बाह्या म्हणजे सरळ पट्ट्या, घेराला कळ्या, आणि हात वर करता यावा म्हणून बगलेत एक चौकोन. तो चौकोनही उरल्यासुरल्यातूनच निघायचा. जर्मन कागद आधी अंग बघतो. मग वळणावळणांचे तुकडे कापडावर मांडा आणि मधल्या चिंध्या टाका. ज्याच्याकडे कापड भरपूर त्याला ते शोभतं.

माझ्याकडे वरुडहून आणलेला एक कटपीस होता, सव्वा मीटर, पन्हा ४४ इंच, किंमत ११० रुपये. आधी रात्रभर भिजवला, कारण सुती कापड पाण्यात आटतं. ओलसर असतानाच इस्त्री केली. मग मावशींनी दाखवलेली घडी घातली. साधारणपणे कापड मधोमध दुमडतात. इथं दोन्ही काठ आत आणून मध्यावर एकमेकांना टेकवायचे. आता दोन्ही कडांना घडी आली. एका घडीवर पुढचं अंग, दुसरीवर पाठ. ४४ चे चार भाग, प्रत्येकी ११ इंच. माझा हिशोब छातीचा चौथा भाग साडेआठ, ढिलाई एक, शिलाईची जागा एक, म्हणजे साडेदहा. बसलं! कुल्ल्यांचं माप ३६, त्याचे नऊ अधिक दोन, अकरा. तेही बसलं, अगदी काठाला काठ. लांबी २६, वर खांद्याची आणि खाली दुमडीची जागा धरून २८. खाली उरलेल्या पट्टीत दोन बाह्या शेजारी शेजारी निघाल्या. गळ्याला पट्टी मुंढ्याच्या कातरणातून, उरेब कापून, जोडजोड करत. अंकात तशाच टॉपला याहून बरंच जास्त कापड सांगितलेलं.

हाच कटपीस ३६ च्या पन्ह्याचा असता, तर दोन्ही अंगं शेजारी मावली नसती आणि दीड मीटर लागलं असतं. दुकानात मीटरचा भाव विचारून मी स्वस्तमहाग ठरवायचे. आता आधी पन्हा विचारते. दुकानदार मला शिंपीण समजतो, मी काही बोलत नाही.

कागदावरून थेट चांगलं कापड कापायची हिंमत मात्र झाली नाही. आधी मांजरपाटाच्या तुकड्यावर अंग कापून कच्चा धागा घातला, अंगावर चढवलं आणि आरशासमोर टाचण्या लावत बसले. मांजरपाट वाया जात नाही. उसवून त्याचं पुढं अस्तर होतं.

मशीनबद्दल थोडक्यात सांगते. पायमशीन वीज गेली तरी चालते, हे तिचं मोठेपण. पण सुरुवातीला पायाचा ठेका चुकला की चाक उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. काही दिवस मी बिनदोऱ्याची मशीन जुन्या वहीच्या रेघांवर चालवली. त्यानं पाय सुधारला आणि वहीची चाळण झाली.

राहिली बाही. तिच्या वरच्या गोलाईची लांबी मुंढ्यापेक्षा जास्त भरते. मी दोनदोनदा टेप लावून पाहिला. मोठी गोष्ट लहान भोकात चुण्या न पडता कशी घालायची? अंकात म्हणे गोलाईला दोन लांब टिपा घालून दोरा हलका ओढायचा. मावशी नुसत्या बोटांनी बाहीचं कापड पुढं ढकलत जातात, मुंढ्याचं ताणून धरतात, आणि टीप संपते तेव्हा दोन्ही टोकं एकत्र पोचलेली असतात. ‘असं कसं?’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘असंच असते.’ शिवाय बाहीची पुढची बाजू अर्धा इंच जास्त खोल कापायची, म्हणजे डावी-उजवी बाही वेगळी. उलट-सुलट कापडात कोणती कोणाची, हे मला अजून खडूनं लिहून ठेवावं लागतं.

पुढचा टॉप बिनबाह्यांचाच शिवते, असं मी सासूबाईंना सांगून टाकलं. त्या भाजी निवडत होत्या. ‘शिव ना,’ म्हणाल्या, ‘पण बाह्याइचं कापड ठेवजो. मंग लावाच लागन.’