दर्या बंद, दर्या चालू

अब्बा फेब्रुवारीत गेले. पतीच्या निधनानंतर घरात राहून काढायचे चार महिने दहा दिवस, म्हणजे अम्मीची इद्दत, जूनच्या अखेरीस संपली. त्याच सुमारास धाकटी बहीण मुलांना घेऊन दुबईहून आली. आखातातल्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्यामुळे आम्हा कोकणी मुसलमानांच्या घरात सगळी माणसं एकत्र येतात ती नेमकी भर पावसात. लग्नं, अकीके, जमिनीचे वाद, सगळं छत्रीखाली उरकायचं.

बहिणीनं विचारलं, "अम्मी, चार दिवस कुठं जाऊया?"

"दर्याकाठी बसायचंय," अम्मी म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. अम्मीचं माहेर बाणकोट खाडीच्या काठचं, तिचे वडील तांडेल. पण मौज म्हणून ती कधी पाण्यात उतरल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. दर्या म्हणजे वडिलांची वाट बघायची जागा, एवढंच तिला ठाऊक.

मी फोन घेऊन बसलो. ऑफ सीझन असल्यानं गोव्यातली हॉटेलं निम्म्या भाड्यात मिळत होती. मालदीव, फुकेत, सगळीकडेच सवलत. मी खुशीत दर वाचून दाखवत होतो.

"पण एवढं स्वस्त का?" अम्मीनं विचारलं. "जुलैत दर्या बंद असतो ना?"

तिचा प्रश्न बरोबर होता. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. गोव्यात पावसाळ्यात किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, पोहायला मनाई असते, शॅकसुद्धा उतरवलेले असतात. म्हणजे निम्म्या पैशांत खोली मिळणार आणि समुद्र खिडकीतून बघायचा. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावरही याच महिन्यांत लाटा खवळलेल्या असतात. मालदीव मुस्लीम देश, तिथं खाण्यापिण्याची काळजी नाही; पण वाऱ्यापावसात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर होडीनं जायचं, आणि अम्मीचे गुडघे दुखरे.

शिवाय बहिणीची एक अट होती. दोन वर्षांपूर्वी एका हॉटेलानं तिला अंगभर कपड्यांत तलावात उतरू दिलं नव्हतं, मुलांसमोर. "या वेळी कुणाची परवानगी मागायची नाही," ती म्हणाली.

मग नकाशा उघडला. मान्सून हा शब्द मूळ अरबी 'मौसिम'वरून आलेला. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ. अरब खलाशी याच वाऱ्यांच्या वेळा सांभाळून आपल्या बंदरांत येत आणि परत जात. पण ही वेळ सगळ्या किनाऱ्यांवर एक नसते. महाबळेश्वरला पाऊस झोडपतो तेव्हा पलीकडे माण-खटाव कोरडं असतं. श्रीलंकेत तसंच आहे. नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावर पडतो, मधले डोंगर त्याला अडवतात आणि पूर्व किनारा जुलैत उन्हात असतो. तिकडचा मोठा पाऊस साधारण नोव्हेंबर ते जानेवारी.

त्या पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआ जिल्ह्यात पासीकुडा आहे. तिथं पाणी उथळ, बरंच आत चालत गेलं तरी कमरेएवढंच. जवळच तमिळ बोलणाऱ्या मुसलमानांचं ओट्टामावडी गाव, त्यामुळे हलाल जेवण शोधत फिरायला नको. २००४ ची त्सुनामी आणि २००९ पर्यंतचं युद्ध या किनाऱ्यानं सोसलंय. तिथली बरीचशी हॉटेलं त्यानंतरची.

अडचणीही होत्या. कोलंबोहून गाडीनं सहा-सात तास लागतात. आणि मुख्य म्हणजे जुलै हा तिथला हंगामच, त्यामुळे खोल्या गोव्यासारख्या स्वस्त नाहीत. ऑफ सीझन आपला होता, त्यांचा नव्हता. शेवटी सहा रात्रींच्या चार केल्या, आणि अम्मीसाठी प्रवासात एक मुक्काम वाढवला.

तिथं पहिल्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर अम्मी बहिणीचा हात धरून पाण्यात गेली. सलवार-कमीज, डोक्यावर ओढणी. गुडघाभर पाण्यात थांबली, मग हळूच खाली बसली. कुणी काही म्हणालं नाही. आजूबाजूला गावातल्या बायकाही तशाच अंगभर कपड्यांत पोरांना पाण्यात खेळवत होत्या.

किती वेळ बसली कोण जाणे. मध्येच म्हणाली, "तुझ्या अब्बांना मी कधी म्हटलंच नाही, चला म्हणून." आम्ही गप्प राहिलो. बहिणीनं तिचा हात घट्ट धरला.

संध्याकाळी गावाहून मामूंचा फोन आला. तीन दिवस वीज नाही, पाऊस थांबत नाही, खाडीवर जायची सोय नाही. अम्मीनं सगळं ऐकून घेतलं. मग फोन लाटांकडे धरून म्हणाली, "ऐक भाऊ. इथं दर्या चालू आहे."