जीवदयेचे पाणी

गेल्या चातुर्मासातील गोष्ट. पर्युषणाच्या चौथ्या दिवशी आमच्या धाकट्या मुलाला डेंग्यूमुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. दुकानातील हमाल त्याच रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात होता. मुलाला आम्ही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले होते. हमालाने मात्र रोज बुडू नये म्हणून ताप अंगावर काढत चार दिवस पोती उचलली. पोटदुखी, उलट्या आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा त्याला आणले गेले.

दुसऱ्या दिवशी पालिकेचे आरोग्य कर्मचारी घरी आले. खाली दुकान, वर घर, त्यावर गच्ची. उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे पसरट भांडे पावसाने भरले होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. एडिस डास मुख्यतः स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. ते पाणी ओतताना पाहून माझा जीव कासावीस झाला. आई शांतपणे म्हणाली, “आता हळहळून काय? जीव पडू दिले, तिथेच जयणा चुकली.”

संवत्सरीच्या आदल्या दिवशी मुलाचा ताप उतरला. आम्ही घरी नेण्याची तयारी केली, डॉक्टरांनी थांबवले. ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तासच जोखमीचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, रक्तदाब घसरू शकतो. आम्ही प्लेटलेटचा आकडा विचारत होतो. ते रक्ताचा घट्टपणा आणि लघवीचे प्रमाण पाहत होते. चौविहार असल्याने मुलगा रात्री पाणी घेईना. तेव्हाही आईच म्हणाली, “पच्चक्खाणातही आगार असतात. पाणी पी, बाळा.” तो प्यायला.

आमच्याच गच्चीवरचा डास त्या दोघांना चावला, हे सिद्ध करता येणार नाही. पण मला ते नाकारताही येत नाही. संवत्सरीला शेकडो जणांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते हमालाच्या खाटेजवळ उभे राहून म्हटले. तो संकोचला आणि म्हणाला, “शेठ, रोज तेवढा मिळेल ना?”

दोघेही बरे झाले. आता दुकानात कोणालाही ताप आला की पगारी सुट्टी असते. पक्ष्यांचे भांडे अजून गच्चीवर आहे. डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडीही महिनोन्महिने टिकतात, म्हणून ते मी रोज सकाळी स्वतः घासतो आणि मगच गाळलेले पाणी भरतो.