कामाकुरातला एक दिवस आणि माझा गुडघा

"रोज दहा मिनिटं शांत बसा," असं बीपीच्या पेशंटना मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. स्वतः मात्र कधी बसलो नव्हतो.

टोकियोत एक दिवस मोकळा मिळाला, तेव्हा रेल्वेने तासाभरावरच्या कामाकुराला गेलो. १२५३ सालचं केंचोजी मंदिर पाहिलं आणि जवळच्याच एका छोट्या मंदिरात झाझेनला बसलो. मांडी घालायची, डोळे अर्धवट उघडे ठेवायचे आणि श्वास मोजायचे, बस्स! पाचव्या मिनिटाला गुडघा ठणकू लागला, हात मोबाइलकडे गेला. खरं सांगतो, लाज वाटली. शेजारच्या आजी खुर्चीवर निवांत बसल्या होत्या. तीही सोय असते, हे मला उठताना कळलं!

दुपारी 'कामाकुरा-बोरी' शिकलो. बुद्धमूर्ती घडवणाऱ्यांच्या हातून वाढलेली ही लाकडी कोरीवकामाची कला. कात्सुराच्या लाकडावर पटाशीने एक फूल कोरताना दीड तास गेला. मोबाइल आठवलासुद्धा नाही. बसून जे जमलं नाही, ते हात कामात गुंतल्यावर आपोआप झालं. आता बसणं न जमणाऱ्या पेशंटना मी आधी विचारतो, "विणकाम, रांगोळी, काही येतं का?"

एक सावधगिरी. या वस्तूंवर उरुशी झाडाचा चीक चढवतात. ते काम कारागीरच करतात. हे झाड आपल्या बिब्ब्याच्या कुळातलं. ओला चीक लागला तर अंगावर तसंच उततं. बिब्बा उतलेल्यांनी ओल्या रोगणापासून लांबच राहावं. पूर्ण वाळलेल्या ताटलीचा सहसा त्रास होत नाही.