ढिगाऱ्यावरचं मुरानूफ

वॉर्साच्या जुन्या शहराचा चौक पाहून कुणालाही वाटेल, की ही घरं तीन-चारशे वर्षांची असावीत. गेरूच्या, पिवळ्या, फिकट हिरव्या भिंती, दारांवर कोरीव दगड. प्रत्यक्षात हा चौक १९५३ साली उभा राहिला. जर्मन ताब्याविरुद्ध शहरानं केलेला १९४४चा उठाव ६३ दिवसांनी मोडल्यावर जर्मनांनी लोकांना हाकलून दिलं आणि रिकामं शहर पद्धतशीरपणे जाळलं, सुरुंगांनी उडवलं. युद्ध संपेपर्यंत वॉर्साचा सुमारे ८५ टक्के भाग गेला होता.

वॉर्साच्या पॉलिटेक्निकमध्ये तयार झालेली जुन्या घरांची मोजमापं आणि आराखडे मात्र वाचले होते. युद्धाच्या काळात ते शहराबाहेर नेऊन प्योत्रकूफ गावातल्या मठात दडवले होते. राजवाड्यालगतच्या रस्त्यांसाठी बेलोत्तो या इटालियन चित्रकाराची अठराव्या शतकातली चित्रं उपयोगी पडली. विटा कमी पडल्या तेव्हा व्रोत्सवाफसारख्या उद्ध्वस्त शहरांतून आणल्या. राजवाड्याच्या कडेला झिग्मुंट राजाच्या जुन्या स्तंभाचे तुकडे अजून आडवे ठेवलेत. ग्रॅनाइटवर गोळ्यांचे टवके उडालेले आहेत. मी त्यावर हात ठेवला, कडा अजून खरखरीत लागतात.

या शहराला नक्कल म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. जे मुद्दाम पुसलं गेलं, ते पुन्हा उभारणं हा इथल्या माणसांचा हक्क होता. १९८० साली युनेस्कोनं जुन्या शहराला जागतिक वारशाचा मान दिला, तो याच पुनर्बांधणीसाठी.

तिथून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर मुरानूफ. युद्धाआधी वॉर्सातला दर तिसरा माणूस ज्यू होता आणि ही वस्ती त्यांची. नाझींनी तिथे ज्यूंना भिंतीआड कोंडणारा घेट्टो केला, माणसं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत पाठवून मारली आणि घेट्टोतल्या ज्यूंच्या १९४३च्या उठावानंतर वस्ती जमीनदोस्त केली. तेव्हाच्या फोटोंत विटांच्या मैदानात संत ऑगस्टिन चर्चचा मनोरा तेवढा उभा दिसतो. इथली घरं पुन्हा तशीच बांधा असं म्हणायला माणसंच उरली नव्हती.

ढिगारा इतका होता की तो उपसण्याऐवजी त्याच्यावरच नवी वसाहत बांधली, तीही त्याच ढिगाऱ्याच्या चुऱ्यापासून केलेल्या ठोकळ्यांनी. म्हणून रस्त्यावरून घराच्या दाराशी जायला पायऱ्या चढाव्या लागतात. आपण टेकाड चढतोय असं वाटतं, पण पायाखाली कुणाचीतरी स्वयंपाकघरं असतात. स्थपती बोहदान लाखेर्त यांना भिंती गिलाव्याविना, तांबड्याच ठेवायच्या होत्या, म्हणजे घरांनीच त्या वस्तीची आठवण धरली असती. काही वर्षांतच त्यांवर गिलावा चढला. माझ्या मते तो चढवायला नको होता.

फुटपाथवर लोखंडी पट्टी दिसते, तिच्यावर घेट्टोच्या भिंतीची खूण आणि १९४० ते १९४३ ही सालं. लोक ती ओलांडून दुकानात जातात.

वॉर्साला गेलात तर जुन्या चौकातच दिवस घालवू नका. अर्धा दिवस मुरानूफला द्या आणि त्या पायऱ्या चढून पाहा.